ट्रक रोज सात-वीसलाच का पडतो

रोज संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटं झाली, की आमचा ट्रक दरीत पडायचा.

ट्रक टीव्हीतला. पण तो पडताना माझा पाय फरशीवर ब्रेक दाबायचा तो खराच. माझी मुलगी हिमानी पुण्याला एका कंपनीत नोकरीला आहे. दिवाळीला आली तेव्हा तिनं आपलं जुनं गेमचं यंत्र इथं बुलढाण्याला आमच्या टीव्हीखाली मांडलं, त्याचा माइकवाला कंट्रोलर माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "बाबा, रोज सात वाजता. मी पुण्यातून, तुम्ही इथून. दोघांनी मिळून एकच ट्रक चालवायचा." एकानं स्टिअरिंग धरायचं, दुसऱ्यानं नकाशा बघून डावं-उजवं सांगायचं. मागे काचेच्या बाटल्या भरलेल्या, रस्ता डोंगरातला. मी भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक. एकोणतीस वर्षं लोकांची शेतं मोजतोय. साहजिकच मी नकाशा मागितला. तिनं दिला नाही. "नकाशे तुम्ही खूप बघितले. आता गाडी चालवा."

चालवू लागलो. आणि एक गोष्ट लक्षात आली. फोनवर हिमानी तीन वाक्यं बोलते: जेवले, बरी आहे, ठेवते. ट्रकमध्ये बसली की मात्र बोलतच राहते. शेजारच्या खोलीतली मुलगी घोरते, ऑफिसातला एसी गळतो, पुण्यातली पोळी कशी चिवट, असं काय काय. दोघांचीही नजर रस्त्यावर असते म्हणून असेल. ती वीस मिनिटं राखून ठेवल्यासारखा मी दिवसभर वागायचो.

वीसच. कारण सात-वीसला चित्र थिजायचं. हिमानीचा आवाज "बा... बा... बा..." असा अडकायचा, पडद्यावर एक गोल फिरत राहायचा, आणि चित्र परत हललं की ट्रक चारही चाकं वर करून दरीत. एकदा ती म्हणाली, "बाबा, एक सांगायचं होतं, म्हणजे तसं काही..." आणि ट्रक गेला. मी लगेच फोन केला. "काही नाही हो, ट्रकचंच. जेवले. ठेवते."

आता माणसाला राग यावा. मला कुतूहल वाटलं. रोज तुटतं हे ठीक, पण रोज सात-वीसलाच का? तीन पिढ्यांपूर्वी बुजलेला हद्दीचा दगड मी देऊळघाटच्या शिवारात दुपारच्या उन्हात हुडकून काढलेला आहे. त्या माणसाच्या स्वतःच्या घरात, नऊशे चौरस फुटांत, वाय-फाय हरवतो म्हणजे काय?

हिमानीनं फोनवरून तपासणी सुरू केली. मोबाइलवर पिंग नावाची गोष्ट बघायला शिकवली. आपल्या घरातून एक निरोप निघतो, दूरच्या कुठल्या तरी शहरातल्या यंत्राला शिवतो आणि परत येतो; त्याला किती वेळ लागला तो आकडा म्हणजे पिंग. आमचा होता चाळीस. "चाळीस काय? मिनिटं?" मी विचारलं. "सेकंदाचे हजार तुकडे करा, त्यातले चाळीस." आमच्या कार्यालयात माझ्या टेबलावरची फाइल शेजारच्या टेबलाला शिवून परत यायला पंधरा दिवस लागतात, आणि मधे भिंतसुद्धा नाही.

"उपाय सोपा आहे," हिमानी म्हणाली. "राऊटरपासून यंत्रापर्यंत सरळ वायर टाका."

"या घरात एकही वायर लोंबणार नाही," वासंती आतून म्हणाली. वासंती, माझी पत्नी, शाळेत गणित शिकवते. तिचं वाक्य फळ्यावर लिहिल्यासारखं असतं. दिवाळीलाच रंग दिला होता. राऊटर बाहेरच्या खोलीत दाराशी, टीव्ही आतल्या हॉलमध्ये, म्हणजे वायर दोन खोल्यांच्या नव्या रंगावरून जाणार. वायरचा विषय संपला.

"मग राऊटर रीस्टार्ट करून बघा," हिमानी म्हणाली.

राऊटरच्या पाठीला एक बारीक भोक असतं. आत सुई घालून दहापर्यंत आकडे मोजायचे, असं बाजूला लिहिलं होतं. मी वासंतीची सुई घेतली आणि मोजले. सगळे दिवे विझले, परत लागले, आणि नेट कायमचं गेलं. मी रीस्टार्ट केलंच नव्हतं, रीसेट केलं होतं. दोन अक्षरांचा फरक. सातबाऱ्यावर एका अक्षराच्या फरकानं भावाभावांत वीस-वीस वर्षं बोलणं बंद झालेलं मी पाहिलंय, तरी माझ्या हातून हे झालं.

नेटवाल्यांचं ऑफिस कारंजा चौकाजवळ. काउंटरवर करिष्मा मॅडम होत्या.

"कनेक्शन कुणाच्या नावावर?"

"मुलीच्या. हिमानी लक्ष्मीकांत."

"मग त्यांनाच यावं लागेल."

"ती पुण्याला असते. मी तिचा बाप आहे."

"असाल हो काका," त्या शांतपणे म्हणाल्या, "पण त्याला पुरावा काय? अधिकारपत्र आणा. सहीचं."

हे वाक्य मी आयुष्यात हजार वेळा बोललोय. याच आवाजात. लोणारला असताना बीबी गावचे एक आजोबा भावाच्या जमिनीची नक्कल मागायला आले होते, त्यांना मी हेच सांगितलं होतं. ते माझ्याकडे बघत राहिले होते. तेव्हा मला ते बघणं कळलं नव्हतं. करिष्मा मॅडमच्या काउंटरवर कळलं. अंगावरचा इस्त्रीचा शर्ट उगाच सैल झाल्यासारखा वाटला.

हिमानीनं पत्र पाठवलं. 'माझे वडील यांना माझ्या वतीने राऊटर चालू करून घेण्याचा अधिकार देत आहे.' मी त्याच्या दोन प्रती काढल्या, एक फाइलला लावली. नेट सुरू झालं. त्या संध्याकाळी सात-वीसला ट्रक दरीत पडला.

परत काउंटर. "नेट कधी तुटतं?" करिष्मा मॅडमनी विचारलं.

"रोज संध्याकाळी सात-वीसला."

"आमचा माणूस सहाला सुटतो."

"पण तुटतं ते सातनंतर."

"हो, पण तुटलेलं डोळ्यांनी बघितल्याशिवाय आम्हाला तक्रार पुढे पाठवता येत नाही."

त्यांचा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला आला, नेट उत्तम चालू असल्याचं बघितलं, चहा घेतला, गेला. तासाभरात मोबाइलवर संदेश: 'आपली समस्या सोडवण्यात आली आहे. आमची सेवा कशी वाटली?' खाली पाच तारे. मी भिडस्त माणूस. चार दिले.

आणि इथं उत्तमराव कथेत आले. म्हणजे राहायला ते आधीपासून शेजारीच होते. आमची जोडघरं आहेत, मधली भिंत एकच. वीज खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. संध्याकाळी सव्वासातला फिरायला निघायचे आणि आठाच्या ठोक्याला ताटावर बसायचे. त्या दिवशी फाटकातून जाता जाता त्यांनी टीव्हीतल्या ट्रकचा कडेलोट पाहिला आणि थेट आत आले.

"लक्ष्मीकांतभाऊ, हे काय होऊन राह्यलं?"

मी सांगितलं. त्यांनी राऊटर हातात घेऊन उलटासुलटा केला, कानाजवळ नेऊन ऐकला.

"अर्थिंग," ते म्हणाले.

"अहो, पण हे बिनवायरचं..."

"बिनवायरचं असलं तरी निघते कुठून? वायरीतूनच ना? तुमाले काय वाटते, हवेतून पैदा होते?"

झालं. फिरणं बंद. रोज सव्वासातला उत्तमराव आमच्या हॉलमध्ये. पहिले दोन दिवस मी त्यांच्या सांगण्यावरून परसातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात मिठाचं पाणी ओतलं. तिथला कढीपत्ता वाळला, ट्रक पडतच राहिला. वासंतीनं त्यांच्यापुढं सकाळचे पोहे गरम करून ठेवले, तर त्यांनी बशी हळूच बाजूला सारली. "वासंतीताई, गैरसमज नोका करू. पन आपुन गरम केलेलं खात नाई. आपल्या घरी दोन्ही टाईम ताजं. तव्यावरून सिध्धं ताटात. बत्तीस वर्षं झाले." वासंतीनं माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात शाळेतले सात तास होते.

तिसऱ्या दिवशी उत्तमरावांची नजर हॉलमधल्या लोखंडी कपाटावर गेली.

"हे पाहा. राऊटर तिकडं, टीव्ही इकडं, अन् मंधात हे दीड मनाचं लोखंड. हे वाय-फाय पिऊन राह्यलं ना, भाऊ!"

खरं सांगतो, या बोलण्यात तथ्य होतं. हिमानीही म्हणाली होती, की लोखंड लहरींना अडवतं. म्हणून आम्ही कपाट झोपायच्या खोलीत न्यायचं ठरवलं. मी, उत्तमराव आणि कोपऱ्यावरचे दोन रिक्षावाले. कपाट दारापर्यंत आलं, तिरकं झालं, अर्धं आत गेलं आणि चौकटीत बसलं. बसलं म्हणजे असं, की मागे येईना, पुढे जाईना. त्याची दोन्ही दारं चौकटीच्या लाकडाला टेकलेली, त्यामुळे उघडेनात. साडेआठपर्यंत आम्ही खटपट केली. मग रिक्षावाले गेले.

माझे सगळे कपडे त्या कपाटात होते.

सकाळी नऊला मला देऊळघाटला मोजणीला पोचायचं होतं. तारीख दोन महिन्यांपूर्वी दिलेली, नोटिसा बजावलेल्या. अंगात घरची बंडी आणि लेंगा. सुतार दुपारशिवाय येणार नव्हता. उत्तमराव देवासारखे धावून आले आणि त्यांनी आपली जुनी खाकी शर्ट-पँट दिली. शर्ट मला आखूड, पँट ढगळ, खिशावर अजून टेस्टर अडकवायचा पट्टा. आरशात मी न बघता निघालो.

देऊळघाटच्या शेतात खातेदार उकंडराव बांधावर वाट बघत होते. मला पाहून लगबगीनं पुढं आले.

"आले का साहेब! चार महिने झाले अर्ज करून. डीपी कुठं बसवता?"

"मी मोजणीला आलोय."

"मोजा ना. पन आंधी डीपी पाहा. लाइट पुरत नाई, मोटर उचलतच नाई."

"अहो, मी भूमी अभिलेखचा. भूकरमापक."

उकंडरावांनी माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं, खिशाच्या पट्ट्यावर थांबले, आणि मागं वळून मोठ्यानं म्हणाले, "अरे, यायची बदली झाली म्हन्तात. दुसऱ्याले पाठवतील आता." तोवर आजूबाजूच्या शेतांतून सात-आठ माणसं जमली होती. मी मोजणी केली, खुणा दाखवल्या, पंचनाम्यावर सह्या घेतल्या. सह्या करताना प्रत्येकानं आपल्या शेतातला व्होल्टेज सांगितला. एकानं तर चिठ्ठीवर मोटारीचा नंबर लिहून माझ्या खिशात घातला. एकोणतीस वर्षांची नोकरी, एक शर्ट बदलला तर कुणाला ओळखू आली नाही. परत येताना मी मोटारसायकल मुद्दाम मागच्या रस्त्यानं आणली.

सुतारानं चौकट काढली, कपाट सुटलं, चौकट परत बसली. नव्या रंगाचा एक पापुद्रा वासंतीनं उचलून माझ्या हातात दिला. कपाट आता झोपायच्या खोलीत होतं. सात-वीसला ट्रक दरीत पडला.

तेव्हा मी ठरवलं, आता सल्ले पुरे. आपण मोजणी करायची. मी एक वही आखली: तारीख, वार, तुटल्याची वेळ, परत जोडल्याची वेळ, घरात हजर व्यक्ती, शेरा. कपाटाच्या दिवसापासूनचं आठवून लिहिलं आणि पुढं पंधरा दिवस इमानानं भरली. मग एका रविवारी दुपारी ती समोर घेऊन बसलो.

तीन गोष्टी दिसल्या. एक: नेट सात-वीसच्या सुमारास जातं आणि आठाच्या आत येतं. दोन: कपाट अडकलं त्या दिवशी मात्र ते साडेआठपर्यंत अधूनमधून जात राहिलं. तीन: गुरुवारी काहीच होत नाही. गुरुवारी आमच्या हॉलमध्ये वासंतीचं भजनी मंडळ बसतं, तेव्हा आम्ही ट्रक काढत नाही. पण बायकांचा तानपुरा मोबाइलवर नेटवरूनच वाजतो, आणि तो एकदाही अडला नव्हता. मग मी 'हजर व्यक्ती'चा रकाना पाहिला आणि चमकलो. नेट तुटलं त्या प्रत्येक दिवशी, प्रत्येक वेळी, हॉलमध्ये उत्तमराव हजर होते. गुरुवारी ते देवळात असतात.

उत्तमरावांच्या डाव्या कानात ऐकू यायचं यंत्र आहे.

मला स्वतःचाच अभिमान वाटला. दुसऱ्या दिवशी ते आल्याबरोबर मी त्यांना म्हटलं, "उत्तमराव, आज जरा परसात बसता? लिंबाच्या झाडाला काय झालंय ते बघा." ते बसले. सात-वीसला ट्रक पडला. तिसऱ्या दिवशी मी त्यांना गच्चीवर बसवलं. पडला. चौथ्या दिवशी फाटकाबाहेर खुर्ची टाकून दिली. "लक्ष्मीकांतभाऊ," ते खुर्चीवरून ओरडले, "काऊन घरातून हाकलून राह्यले मले? काही चुकलं का?" आत ट्रक पडला. मला शरम वाटली. मी खुर्ची उचलून आत आणली.

आता शेवटचा उपाय. घराचा नकाशा काढला, एकास पन्नास प्रमाणात. आठवडाभर रोज सात-वीसला मोबाइल हातात धरून घरभर फिरलो आणि ठिकाणाठिकाणचा पिंग नकाशावर लिहिला. स्वयंपाकघरात साठ. बाहेरच्या खोलीत ऐंशी. हॉलच्या मधोमध चारशे. टीव्हीच्या भिंतीला टेकलो तर नऊशे, मग आकडाच नाही. सारख्या आकड्यांचे ठिपके जोडले तशा गोल रेघा उमटल्या, डोंगराच्या नकाशात उमटतात तशा. त्या रेघांचा मध्य शोधला. मध्य माझ्या हद्दीत नव्हता. भिंतीपलीकडे, उत्तमरावांच्या घरात, दीड फूट आत होता.

हे सरळसरळ अतिक्रमण होतं. पण कशाचं?

दुसऱ्या दिवशी उत्तमरावांना वासंतीच्या ताब्यात देऊन मी मागच्या बोळात शिरलो. त्यांच्या कोठीच्या खोलीला बोळाकडे एक लहान खिडकी आहे. मी चवड्यांवर उभा राहून, मोबाइल पुढे धरून आत डोकावलो. वय चोपन्न, सरकारी नोकर, दुसऱ्याच्या घरात मोबाइल धरून डोकावतोय. हे वाक्य उद्या कुणी लिहून घेतलं तर कसं दिसेल, याचा विचार मनात यायला आणि आतून आवाज यायला एकच गाठ पडली.

"बाप्पा! भाऊजी, तुमी? काय पाहून राह्यले?"

अन्नपूर्णावहिनी. उत्तमरावांच्या पत्नी. हातात वरणाचं भांडं. त्यांच्या मागे, धान्याच्या कोठीला टेकून, आमच्या टीव्हीच्या अगदी पाठीशी, जुन्या साडीखाली झाकलेलं काहीतरी घूं घूं करत होतं. मग टिंग असा आवाज झाला. माझ्या हातातला पिंग नऊशेवरून पन्नासवर आला.

"वहिनी, ते काय आहे?"

वहिनींनी भांडं खाली ठेवलं आणि दाराकडे पाहिलं. मग साडी बाजूला केली. मायक्रोवेव्ह होता. दारावर रबर बांधलेलं, नीट लागत नव्हतं म्हणून.

"पुष्पांजलीनं दिला दिवाळीले. लेकीकडं नवा आला, जुना मले." त्या हळू आवाजात बोलत होत्या. "भाऊजी, बत्तीस वर्षं दोन्ही टाईम ताजं केलं. आता गुडघे वळत नाईत, गॅसपाशी तासभर उभं राह्यलं का रात्रभर ठनकतात. म्हून दुपारीच करून ठेवते. हे फिराले गेले का गरम करते. एक एक भांडं. गुरुवारी हे देवळातच जेवतात, म्हून तेवढी सुटी. आता तुमच्याकडं येऊन बसतात, थे बरंच झालं. यायले कळलंच नाई आजवर. सैपाकघरात पाय ठेवतच नाईत ना."

"आणि कपाट अडकलं त्या दिवशी?"

"तीन वेळा गरम करा लागलं हो! येतच नव्हते." मग एकदम त्यांचे डोळे भरले. "यायले सांगू नोका. रागावनार नाईत, थे मले माहीत हाये. पन मंग उद्यापासून म्हन्तील, मी खातो शिळं. अन् मन मारून खातील. थे मले पाहवनार नाई."

तपास पूर्ण झाला होता. कारण सापडलं, पुरावा सापडला, आणि हे प्रकरण कुठल्याही रजिस्टरला लिहिता येणार नव्हतं. "मी आलोच नव्हतो," असं सांगून मी बोळातून निघालो. घरी फक्त वासंतीला सांगितलं. ती मेथी निवडत होती. हातातली जुडी तिनं पूर्ण निवडून संपवली.

"वायर लावा," ती म्हणाली. "पण सरळ रेषेत."

वायर लावायला माणूस शेजारीच होता. मी उत्तमरावांना म्हटलं, काम नाजूक आहे, नवा रंग आहे, कुणा ऐऱ्यागैऱ्याला देववत नाही. त्यांचा चेहरा उजळला. पंधरा मीटर वायर टाकायला त्यांनी आठ दिवस घेतले, रोज सव्वासात ते आठ. पण कबूल केलं पाहिजे, तसं काम मी पाहिलं नाही. ओळंबा लावून रेघ मारली, क्लिपा मोजून सारख्या अंतरावर, कोपऱ्यात वायर मोडू दिली नाही, हळूच वळवली. वासंतीनं चष्मा लावून ती रेघ शेवटपर्यंत पाहिली आणि "वा" म्हणाली. एकोणतीस वर्षांत माझ्या कुठल्याही नकाशाला मला हा शब्द मिळालेला नाही.

नवव्या दिवशी वायर यंत्राला जोडली. सात-वीस झाले. भिंतीपलीकडे बारीक घूं घूं सुरू झालेलं मला ऐकू आलं. ट्रक वळणावर होता. वळला. पुढे गेला.

"पाह्यलं?" उत्तमराव म्हणाले. "मी पहिल्याच दिवशी म्हनलं नव्हतं? रोग वायरीतच होता."

"तुमचं बरोबर होतं," मी म्हणालो.

मला वाटलं, आता ते परत फिरायला जाऊ लागतील. आणि वहिनींचं काय, म्हणून मी त्यांना बसवून घेऊ लागलो. फार आग्रह करावा लागला नाही. त्यांना ट्रकचा नाद लागला होता. रोज खुर्ची ओढून टीव्हीसमोर, तोंडानं एक शब्द नाही, वळण आलं की अंग मात्र त्या बाजूला झुकायचं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी आमचा ट्रक एका पुलाआधी चिखलात रुतला. मी वेग वाढवतोय, चाकं जागच्या जागी फिरतायत. साडेसात होऊन गेले होते. इतका लांब आम्ही पूर्वी कधी आलोच नव्हतो.

"बाबा," हिमानी म्हणाली, "माझी नोकरी गेली."

चाकं फिरत राहिली.

"दोन महिने झाले. आमचा पूर्ण ग्रुपच बंद केला त्यांनी. मी रोज सातला ऑफिसातून आल्यासारखं दाखवायचे, पण दिवसभर खोलीवरच असायचे. सांगणार होते. दोनदा सुरुवात केली, तर ट्रक पडला. मग फोनवर काही धीर होईना."

मला म्हणायचं होतं, असू दे बाळ. म्हणायचं होतं, दोन महिने एकटीनं काढलेस? अंगठा बटणावर तसाच दाबलेला. हिमानीचा आवाज टीव्हीतून सगळ्या खोलीत येत होता. वासंती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती, हात पिठाचे, डोळे भरलेले. उत्तमराव खुर्चीत ताठ बसले होते, श्वाससुद्धा जपून घेत.

"बाबा? ऐकताय ना? आईला तुम्ही सांगाल का, हळूहळू? एकदम नको." मग जरा थांबून, "तिथं आत्ता कुणी आहे का हो?"

मी वासंतीकडे पाहिलं. वासंतीनं माझ्याकडे.

"कोनीच नाई," उत्तमराव म्हणाले.

मग पुण्याहून हसू आलं, आधी नाकातून, मग मोठ्यानं, आणि हसता हसताच ती रडायला लागली. वासंतीनं पिठाच्या हातांनीच माझ्याकडून कंट्रोलर ओढून घेतला आणि तो तोंडाशी धरून म्हणाली, "शनिवारच्या गाडीत बस. बाकीचं इथं आल्यावर बघू."

"हो आई," हिमानी म्हणाली. तिचा एक हुंदकासुद्धा वाटेत अडखळला नाही, सगळे पोचले.